वसईच्या सरांना, नाशिकहून

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठे छापू नकोस, एवढंच तुम्ही बजावून सांगितलं होतंत. ते पाळते आहे. पत्र मात्र मुद्दाम उघडं लिहिते आहे, कारण वसईच्या किल्ल्यात तुम्ही मला जे दाखवलंत ते तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला बघायला मिळावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्याकडून किल्ल्यावर येणारे बहुतेक जण चिमाजी आप्पांची गोष्ट मनात घेऊनच येतात. मीही तीच घेऊन आले होते आणि ती आजही मला तितकीच प्रिय आहे. तुम्ही तिला कुठेही धक्का लावला नाहीत. फक्त म्हणालात, "१७३९ च्या मे महिन्यात किल्ला पडला, बरोबर. पण त्याआधी दोनशे वर्षं इथे माणसं राहत होती, ती कोण होती ते बघूया का?" आणि उन्हातून चालायला लागलात.

सेंट जोसेफच्या दारात तुम्ही मला थांबवलंत. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर बारा वर्षांनी, १५४६ मध्ये, हे चर्च राजाच्या हुकमाने उभं राहिलं. १६०१ मध्ये, आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या काळात, ते वाढवलं गेलं. छप्पर कधीच गेलं आहे, मनोरा अजून ताठ आहे. मी सवयीने मान वर करून मनोऱ्याचा फोटो काढत होते. तुम्ही म्हणालात, "आधी खाली बघ. चर्च बघायचं ते जमिनीपासून."

मग आपण फ्रान्सिस्कनांच्या, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या साधूंच्या, चर्चमध्ये गेलो आणि त्या कमानींखाली तुम्ही मला कबरींवरचे दगड वाचायला शिकवलंत. मला पोर्तुगीज येत नाही, तरी तुमच्या बोटामागून अक्षरं लागत गेली. हे नाव, ही पदवी, हे घराण्याचं चिन्ह. आणि शेवटी बऱ्याच दगडांवर एकच मजकूर: ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची. पुढच्या पिढ्यांची जागा आधीच राखून ठेवलेली. मग १७३९ आलं, उरलेले वारस गलबतांत बसून निघून गेले आणि ती जागा तशीच राहिली. वसईच्या मोहिमेबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण हरणाऱ्या बाजूला घरं होती, आजोबा-पणजोबांच्या कबरी होत्या, हे मला त्या दगडांपाशी उमगलं. त्याने माझा आप्पांबद्दलचा अभिमान कमी झाला नाही. त्या लढाईचं वजन मात्र कळलं.

तेवढ्यात लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं. फोटोग्राफरने त्यांना नेमकं एका कबरीवर उभं केलं. मला राग आला होता. तुम्ही शांतपणे जवळ गेलात, त्या मुलीला दगडावरचं नाव वाचून दाखवलंत आणि म्हणालात, "इथे एक माणूस झोपलाय, बाळ. तिकडे कमानीत उभे राहा, उजेडही तिकडेच चांगला आहे." ते दोघं खरंच सरकले, आणि जाताना मुलीने वाकून दगडाला नमस्कार केला. जुन्या धर्मस्थळांवर पाट्या लावून जे साधत नाही ते असं साधतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

गोन्सालो गार्सिया यांच्याबद्दल तुम्ही बोलायला लागलात तेव्हा तुमचा आवाज बदलला होता. वसईत जन्मलेला, बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंकडे शिकला, जपानला गेला, व्यापार केला, मनिलामध्ये फ्रान्सिस्कन झाला, भाषा येत असल्याने पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला संत आमच्या शेजारच्या जिल्ह्यातला, आणि आमच्या शाळेत त्याचं नावही कुणी काढलं नव्हतं! दरवर्षी वसईकर त्याचा सण करतात, हे तुम्ही अगदी घरच्या कार्यासारखं सांगितलंत.

पण सर, सगळ्यात मोठे आभार रविवारच्या सकाळचे. "पडकी चर्च पाहिलीस, आता नांदतं बघ," म्हणून तुम्ही मला तुमच्या धर्मग्रामातल्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे रविवारच्या सामुदायिक उपासनेला, नेलंत. बाहेरच्याच पायरीवर सगळं नीट सांगितलंत: मागच्या बाकावर बस, लोक उभे राहतील तेव्हा उभी राहा, कॅमेरा पिशवीत. आणि परमप्रसादाच्या, म्हणजे मिस्सात वाटतात त्या पवित्र भाकरीच्या, रांगेत येऊ नकोस. तो आमच्यात दीक्षा घेतलेल्यांसाठी असतो, तू बसून राहिलीस तर कुणाला वाईट वाटणार नाही. अशा वेळी पाहुण्याला वाईट वाटेल म्हणून लोक गप्प बसतात आणि पाहुणा भांबावतो. तुम्ही सरळ सांगितलंत म्हणून मी तासभर निर्धास्त बसू शकले.

पूर्ण मिस्सा मराठीत. शेजारी लाल लुगड्यातल्या एक आजी होत्या, त्यांनी गाण्याचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. तुमच्या लहानपणी हेच सगळं लॅटिनमध्ये चालायचं आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर, साठच्या दशकात, लोकभाषा वेदीपर्यंत पोचली, हे तुम्ही नंतर चहा घेताना सांगितलंत. पोर्तुगीज गेले, इंग्रज आले आणि गेले. वसईची ही माणसं शेतीवाडी करत, मराठी बोलत इथेच राहिली. किल्ल्यातल्या भिंती बघून परतले असते तर हे मला कळलंच नसतं.

तुमच्या शिकवणीचा उपयोग लगेच झाला. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये शिरल्यावर मी आधी खाली पाहिलं, आणि फरशीभर घराण्यांची चिन्हं कोरलेले कबरींचे दगड पसरलेले! माझ्याबरोबरचे सगळे वेदीवरचा सोन्याचा मुलामा बघत होते. त्यांना मी खाली बघायला लावलं.

आणि घंटांचं. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या आणि त्या देवळांत लागल्या, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा मी बिचकतच विचारलं होतं, "सर, राग नाही येत?" तुम्ही म्हणालात, "वितळवल्या असत्या तर आला असता. देवासमोरून काढून देवासमोर टांगल्या." मग मी भीमाशंकरची पाहिली. वाईजवळ मेणवलीला गेले. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावर, घंटेवर बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे आणि १७०७ हे साल. एक बाई देवदर्शन करून आल्या आणि त्या चित्रालाही हात जोडून गेल्या. मी त्यांना काही विचारलं नाही.

राहिली आमच्या पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळातली घंटा, १७२१ सालची. नाशिककर तिला पुरामुळे ओळखतात: गोदावरीचं पाणी घंटेला लागलं की पूर मोठा. लहानपणापासून मी ती तेवढ्यासाठीच बघत आले. तुम्ही ती अजून पाहिलेली नाही, असं म्हणाला होतात. तर सर, दिवाळीनंतर या. पाणी उतरलेलं असतं, हवाही छान असते. काकूंनाही आणा. मी स्टेशनवर घ्यायला येते. पंचवटीत या वेळी मी पुढे चालेन, आणि जेवायला आमच्याकडेच यायचं आहे. आईने आताच बजावून ठेवलं आहे.

तुमची,
एक नाशिककर विद्यार्थिनी