जर्मनीतल्या मोझेल नदीच्या उतारावरच्या आजींना

प्रिय आजी,

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. मार्चमध्ये तुमच्या स्वयंपाकघरात बसून त्यातलं अक्षर न् अक्षर तुम्हाला जर्मनमध्ये सांगेन. पण आधी ते माझ्या माणसांनी वाचावं. तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत हे त्यांना कळायला हवं.

त्या वर्षी आमच्या निफाडच्या बागेत माल छान निघाला होता. व्यापाऱ्याने गाड्या भरून नेल्या, थोडे पैसे हातावर ठेवले आणि मग फोनच बंद केला. माझ्या पुढच्या सहामाहीचा खर्च त्याच पैशांतून भागायचा होता. बाबांना मी खोटंच सांगितलं, की मला इथे काम मिळालंय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वर्गातल्या मुलीबरोबर तुमच्या दारात उभी राहिले, तेव्हा तुम्ही कागद मागितले नाहीत, आधी माझा तळहात उलटून पाहिलात. कात्रीचा जुना घट्टा दिसला तुम्हाला. "उद्या सकाळी सातला ये," एवढंच म्हणालात. कागद नंतर पाहिलेत, तेही नीट वाचून.

ब्रेमजवळचा तो काल्माँटचा उतार पहिल्यांदा पाहिला आणि माझे पाय लटपटले. युरोपातली सर्वांत उभ्या चढाची द्राक्षबाग म्हणतात त्याला. काही ठिकाणी चढ साठ अंशांच्याही वर जातो. आमच्याकडे बाग म्हणजे सपाट रान, मांडव, दोन ओळींतून सहज जाणारा ट्रॅक्टर. इथे तारा नाहीत, मांडव नाही. प्रत्येक वेल आपल्या एकट्या खुंटाला धरून उभी, आणि पायाखाली पाटीचा दगड. हो, शाळेत ज्याची पाटी असायची तोच, निळसर करडा. दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलीला ऊब देतो. थंड मुलुखात रीसलिंगसारखं उशिरा पिकणारं द्राक्ष पिकतं, त्यात या दगडाचा आणि खालच्या नदीचा वाटा मोठा. पावसाने घसरलेला दगड तुमचे सासरे पाठीवर वाहून पुन्हा वर नेऊन टाकायचे, हे तुम्ही मला दगड हातात देऊन सांगितलंत.

यंत्र तिथे चढतच नाही. एका रुळावरची छोटी गाडी क्रेट घेऊन वर-खाली जाते, बाकी सगळं हाताने. घडातले कुजके मणी वेगळे काढायला तुम्ही मला शिकवलंत, पण ओरडून नाही. माझ्या क्रेटमधला एकेक घड उचलून, फिरवून, परत ठेवून.

तिकडे त्याच दिवसांत बाबांची ऑक्टोबर छाटणी चालू होती. आमच्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी. हे ऐकून तुम्ही थबकलात. "मग ती झोपते कधी?" असं विचारलंत. त्याच संध्याकाळी तुम्ही मला बाबांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितलंत. बाबा माळकरी, वाईनचा थेंबही घेणार नाहीत. ते तुम्हाला मी आधीच सांगितलं होतं, आणि तुम्ही तो विषय एकदाही काढला नाहीत. बाबांनी वेलीची काडी कॅमेऱ्यासमोर धरली, तुम्ही बोटांनी तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजलेत, बाबांनी मान डोलावली. दहा मिनिटं मला भाषांतर करायची गरजच पडली नाही. व्यापाऱ्याने बुडवल्यापासून बाबा बागेविषयी बोलतच नव्हते. तोडून टाकू, इतकंच म्हणायचे. त्या रात्री त्यांनी आईला पाटीचा दगड म्हणजे काय ते समजावून सांगितलं, असं आई म्हणाली.

दर शनिवारी पाकिटात मजुरी मिळायची. एक दिवसही उशीर नाही. माझी फी त्यातून पूर्ण भरली गेली नाही, हेही खरं. पण घरभाडं भागलं आणि बाबांशी मला पुन्हा खरं बोलता आलं. हे दोन्ही तुमच्यामुळे.

तळघरातली हजार लिटरची जुनी लाकडी पिंपं मला अजून आठवतात. रस त्याच्या स्वतःच्या यीस्टवर आंबतो, काही पिंपांत तर वसंत येईपर्यंत. पिंपाला कान लावून त्याचा बारीक आवाज तुम्ही मला ऐकवलात. घाई करू नको, असं तेव्हा पिंपाला म्हणालात की मला, ते मी विचारलं नाही.

शेजारचे कितीतरी टप्पे आता काटेरी झुडपांनी भरलेत. वर चढणारं कुणी उरलं नाही. तुमचा नातू चढतो, यासाठी मला तुमच्याइतकाच आनंद होतो. उन्हाळ्यात अंगणात बाकं मांडून आपलीच वाईन आणि पाव-चीज विकणारं तुमचं घर मी कितीजणांना दाखवलंय!

मार्चमध्ये काड्या वाकवायला येते. कोरड्या दिवशी काडी मोडते, दमट हवेत वाकते, म्हणून तुम्ही पावसाळी सकाळची वाट पाहता. ढग पाहून घाबरणाऱ्या घरातली मुलगी मी, मला ते शिकायला वेळ लागेल. दोन्ही टोकं खाली आणून हृदयाच्या आकारात बांधायची, हेही अजून हाताला बसलेलं नाही. बाबांनी सुतळीची दोन बंडलं दिली आहेत. तुमच्या वेलींना चालेल का, एवढं त्यांनी विचारलंय.

तुमची,
निफाडची नात