आराखड्यात राहून गेलेले मातीचे प्रकरण

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला सार्वजनिक आरोग्याच्या आराखड्याचा मसुदा सावकाश वाचला. पाण्याचे प्रकरण उत्तम उतरले आहे आणि हवेच्या प्रकरणात दम्याच्या रुग्णांचा केलेला विचार मला विशेष पटला. मातीचा उल्लेख मात्र संपूर्ण मसुद्यात एकदाच आणि तोही कचऱ्याच्या विल्हेवाटीच्या ओघात आला आहे. माती हा शेतकी खात्याचा विषय आहे आणि आरोग्याशी तिचा संबंध दूरचा आहे, असे तू सोबतच्या पत्रात म्हटले आहेस. माझी सारी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत गेल्यामुळे या वाक्याला उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. पत्र लांबले तर सांभाळून घे.

वारा सुटला की हवा पालटते, नदी वाहती राहिली तर पाणीही काही अंशी निवळते. मातीत पडलेले मात्र बहुधा तिथेच राहते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये असल्यामुळे कोणताही जिवाणू त्यांचे विघटन करू शकत नाही. त्यातही शिसे चिकणमातीच्या कणांना आणि सेंद्रिय पदार्थाला असे घट्ट धरून बसते की ते खोल झिरपण्याऐवजी वरच्या काही इंचांतच साठत जाते, म्हणजे नेमके तिथेच, जिथे लहान मुले खेळतात. मोटारींच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची पद्धत १९२० च्या दशकात सुरू झाली आणि शेवटचा देश अल्जीरिया, त्याने २०२१ मध्ये ती बंद केली. जुन्या रहदारीच्या रस्त्यांकडेची माती मात्र त्या पेट्रोलचा हिशेब अजून सांभाळून आहे. रांगणारे मूल हात तोंडात घालते आणि प्रौढाच्या तुलनेत त्याच्या आतड्यातून शिसे कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते, हे तुला मी सांगायला नको. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी जागेतील मातीसाठी शिशाची मार्गदर्शक मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये दर किलोस ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली, ती मुलांच्या मेंदूवरील परिणाम ध्यानात घेऊनच.

तू डॉक्टर आहेस, म्हणून नायजेरियातील झामफारा राज्याचे उदाहरण तुझ्यापुढे मुद्दाम ठेवतो. तिथल्या खेड्यांत लोक सोन्याचे खनिज घराच्या अंगणातच दळत असत, आणि त्या खनिजात शिसे भरपूर होते. २०१० मध्ये हा प्रकार उघडकीस आला तोवर शेकडो मुले दगावली होती. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेकडे शरीरातील शिसे बाहेर काढणारी औषधे होती. पण उपचार घेऊन मूल पुन्हा त्याच अंगणात खेळायला जाणार असेल, तर त्या औषधांचा उपयोग किती टिकणार? म्हणून आधी वस्त्यांतील वरचा मातीचा थर खरवडून काढून त्या जागी स्वच्छ माती पसरण्याचे काम हाती घ्यावे लागले. त्या ठिकाणी फावडे हा औषधोपचाराचाच भाग होता, असे मी म्हणेन, आणि तुझ्या आराखड्यात मातीला स्वतंत्र प्रकरण हवे या माझ्या म्हणण्याला एवढा एक दाखला पुरेसा आहे.

अन्नातून येणारे विष याहून संथ असते, म्हणून ते ओळखायलाही उशीर होतो. जपानमध्ये गिफू प्रांतातील कामिओका येथील जस्ताच्या खाणीतून कॅडमियम जिंझू नदीत उतरले, खाली तोयामा प्रांतात त्या नदीच्या पाण्यावर भातखाचरे पिकली आणि तो भात वर्षानुवर्षे खाणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे ठिसूळ झाली. रुग्णांत प्रौढ व वृद्ध स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. या ‘इताई-इताई’ रोगामागे कॅडमियम आहे हे सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. पण आठशेहून अधिक हेक्टर शेतजमीन पुन्हा लागवडीस योग्य करण्याचे काम २०१२ पर्यंत चालू राहिले. एकदा बिघडलेली माती दुरुस्त करायला किती काळ लागतो, याचा हा हिशेब आहे. मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाही दहा ते तीस वर्षे लागतात, तेव्हा शरीरही घाई करत नाही.

इथे शेतकी ज्ञान तुझ्या कामाला येईल. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) घसरून ती आम्ल झाली की पीक कॅडमियम अधिक उचलते आणि चुना घालून सामू वाढवला की ते प्रमाण घटते. स्फुरदयुक्त (फॉस्फरसची) खते ज्या खडकापासून बनतात, त्यातच कॅडमियम कमीअधिक असते. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांत स्फुरदाच्या (पी२ओ५) दर किलोमागे ६० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. भाताचे गणित आणखी अवघड आहे. खाचरात पाणी तुंबून राहिले की मातीतील प्राणवायू संपतो, लोहाच्या संयुगांना चिकटलेले आर्सेनिक सुटते आणि दाण्यात जाते. अधूनमधून खाचर कोरडे केले तर आर्सेनिक कमी होते, पण कॅडमियम वाढू शकते. त्यामुळे कोणत्या जमिनीत काय आहे हे आधी मोजल्याशिवाय सरसकट सल्ला देणारे परिपत्रक काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश आणि काही सूक्ष्म अन्नद्रव्ये तपासली जातात. शिसे आणि कॅडमियम त्या यादीत सहसा नसतात. अहवाल चांगला आला म्हणजे माती निर्विष आहे, असा लोकांचा समज होतो तो यामुळेच.

एक आडवाटेचा मुद्दा. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये मातीतल्याच सूक्ष्मजीवापासून मिळाले. आज उलट दिशेने जनावरांच्या शेणामूत्रातून आणि सांडपाण्याच्या गाळातून प्रतिजैविकांचे अंश आणि त्यांना न जुमानणारे जिवाणू मातीत जात आहेत. प्रतिजैविकांवरील तुझ्या परिच्छेदात रुग्णालये आणि औषधांची दुकाने आहेत, पण हा मार्ग नाही. तो अवश्य घाल.

प्रकरणात काय लिहावे, असे विचारशील. सर्वांत आधी जमिनीच्या पूर्वेतिहासाची नोंदवही. अमेरिकेतील लव्ह कॅनॉल येथे १९४० आणि १९५० च्या दशकांत रासायनिक कचरा पुरला गेला, १९५३ मध्ये ती जागा अवघ्या एका डॉलरला शाळा मंडळाकडे गेली, तिथे शाळा आणि आसपास घरे उभी राहिली, आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. कोणत्याही जागेवर शाळा, अंगणवाडी किंवा वसाहत उभारण्यापूर्वी तिथे पूर्वी काय होते, याची चौकशी आणि जड धातूंची तपासणी बंधनकारक असावी. जुन्या बॅटऱ्या फोडणे, ई-कचरा जाळणे आणि धातूंचा मुलामा देणे हे उद्योग वस्तीपासून दूर, पक्क्या फरशीवर आणि सांडपाणी अडवूनच चालावेत. सांडपाण्याचा गाळ तपासल्याशिवाय शेतात जाऊ नये. खर्च कोणी सोसायचा, यावर समितीत वाद होईल. जो घाण करतो त्यानेच तो भरावा, या तत्त्वावर तू ठाम राहा.

वनस्पती लावून जमीन शुद्ध करण्याची योजना कोणी मोठ्या उत्साहाने पुढे केली, तर जरा सावध राहा. आर्सेनिक शोषून घेणारे नेचे (फर्न) खरोखर आहे, पण त्याला वर्षे लागतात आणि कापलेली पाने हाच पुन्हा विषारी कचरा होतो. शिवाय लोकांना मातीचीच भीती वाटेल अशी भाषा टाळ. उघडी जमीन गवताने झाकणे, घरात शिरण्यापूर्वी पादत्राणे काढणे, मुलांचे हात धुणे, संशयित जागी बाहेरून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यांत भाजी लावणे, एवढे साधे उपायही शिशाचा संपर्क पुष्कळ कमी करतात.

मसुदा समितीपुढे जाण्यापूर्वी मातीचे नमुने किती खोलीवरून, कोणत्या हंगामात आणि किती अंतरावर घ्यावेत याचे टिपण मी तयार करून देतो. तुझ्या भागातील बंद पडलेल्या कारखान्यांची आणि जुन्या कचरा डेपोंची यादी तेवढी मागवून ठेव, म्हणजे पहिल्या तपासणीच्या जागा आपल्याला लगेच ठरवता येतील.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
वसंत