आशाताई, तुमचे आभार

आमची लेक जन्मली तेव्हा जेमतेम सव्वादोन किलोची. घरी आलो आणि ३, ७, १४, २१, २८, ४२व्या दिवशी ‘आशा’ आरोग्य कार्यकर्ती म्हणून तुम्ही दारात हजर. भर पावसात, चिखल तुडवत. आधी साबणाने हात, मग झोळीच्या काट्यावर वजन, मग घड्याळ बघत मिनिटभर तिचे श्वास मोजणं. सासूबाईंनी घुटी उगाळली होती. त्यांना न दुखावता तुम्ही ती वाटी बाजूला सारलीत. (हे कसब मला अजून जमलेलं नाही!) ही घरभेटीची रीत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुजवली, हे मागाहून कळलं. ४२ दिवसांनंतरही तुम्ही येत राहिलात; लेक आता १५ महिन्यांची आहे. परवाच्या शेवटच्या भेटीत चहा राहिला, घाईत होतात. येऊन जा.