पीएस-टू मोडीत घालायच्या आधी एवढं वाचा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

दिवाळी जवळ आली की सांगलीत माळे रिकामे व्हायला लागतात, आणि अलीकडं भंगारवाल्याच्या गाड्यावर कुकर-फॅनच्या जोडीला काळे प्लेस्टेशन टू (पीएस-टू, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं मशीन, कन्सोल म्हणतात ते) पण दिसायला लागलेत, वायर-रिमोटसकट, चांगले चालू होणारे, फक्त सीडी न वाचणारे. म्हणून म्हटलं पेपरलाच लिहावं. हे मशीन मेलेलं नसतं हो, त्याची सीडी वाचणारी लेन्स दमलेली असते बस.

ज्यांच्याकडं होता त्यांना ती लाल स्क्रीन माहिती असेल, सीडी घातली, खर्र खर्र आवाज आला, आणि नंतर लाल पडदा. मग माणूस दुकानात घेऊन जातो आणि दुकानदार म्हणतो लेन्स मिळत नाही, मोडीत घाला. त्यात निम्मं खरं आहे, सोनीनं हे मशीन बनवायचं २०१३ च्या सुरुवातीला बंद केलं आणि जपानमध्येसुद्धा कंपनीनं २०१८ ला रिपेअरला घेणं थांबवलं, तर आपल्याकडं पार्ट कुठनं येणार. पण लेन्सशिवाय पण गेम चालते, हे कुणी सांगतच नाही. मी एका दुकानात सॉफ्टवेअरनं करून देता का म्हणून विचारलं तर मालक म्हणाले "छे छे, बेकायदा असतं ते." आणि त्याच काउंटरवर गेम भरलेले पेन ड्राईव्ह विकायला ठेवलेले! आता काय बोलायचं.

आधी चिप आणि हे सॉफ्टवेअरनं करायचं काम (त्याला सॉफ्टवेअर मॉड म्हणतात), यातला फरक सांगतो कारण सगळा घोळ तिथंच आहे. आपल्याकडं त्या काळात पीएस-टू घेतला की दुकानातच तो उघडून आत चिप मारून मिळायचा, बोर्डवर बारीक बारीक वायरी सोल्डर केलेल्या, म्हणजे गल्लोगल्ली मिळणाऱ्या पायरेटेड सीडी चालाव्यात. सॉफ्टवेअर मॉडमध्ये स्क्रू पण उघडायचा नसतो. पीएस-टू चालू झाला की आधी मेमरी कार्डावर (गेम कुठवर आली ते साठवायचं त्याचं छोटं कार्ड) सिस्टीमचं काही अपडेट आहे का ते बघतो, ही सोय सोनीनंच ठेवलेली, आणि फ्री मॅकबूट नावाचा प्रोग्राम त्याच जागी जाऊन बसतो. साधं ८ एमबीचं कार्ड, ते स्लॉटमध्ये घातलं की नेहमीच्या मेनूत आणखी चार ओळी दिसतात. त्यात ओपन पीएस-टू लोडर असतो, तो पेन ड्राईव्हवरनं नाहीतर लॅन केबलनं कॉम्प्युटरवरनं गेम चालवतो. कार्ड काढलं की मशीन परत जसंच्या तसं, कंपनीतनं आल्यासारखं.

फुकटात सगळं भारी होतं असं पण नाही. या मशीनचा यूएसबी १.१ आहे, आजच्या मानानं बैलगाडी, त्यामुळं गेमच्या मधे जे व्हिडिओ लागतात ते अडखळत चालतात आणि पोरं वैतागतात. स्लिम म्हणजे पातळ मॉडेलला लॅनचं पोर्ट मागं असतंच, तर सरळ केबल लावावी, बरंच सुधारतं. पेन ड्राईव्ह वापरायचाच असेल तर आधी पूर्ण फॉरमॅट करायचा आणि गेम एकेक करून कॉपी करायच्या, कारण फाईल तुकड्या-तुकड्यात बसली की लोडर ती घेतच नाही, आणि फॉरमॅट एफएटी-३२ प्रकारचा असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यात मावतच नाही, ती तोडून टाकावी लागते. लोक इथंच कंटाळून सोडून देतात.

आता गेम आणायच्या कुठनं? तर आपल्याच सीडीवरनं. कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर असला की मूळ सीडीची आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाईलमधली कॉपी, करता येते (आपण सगळ्यांनाच सीडी म्हणतो, पण खालनं निळी दिसणारी असली की ती सीडी, चंदेरी असली की डीव्हीडी, दोन्ही चालतात). आणि बॅकअप कशाला लागतो हे सांगलीकराला समजवायला नको. २०१९ ला कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, २०२१ ला परत पूर, तळमजल्यावरच्या घरांत कपाटं पाण्यात होती. पाण्यानं सीडी लगेच खराब होत नाही, खराब होते ती वाळलेला गाळ घाईघाईनं फडक्यानं पुसला की, मातीचे कण असे ओरखडे काढतात की चांगली लेन्ससुद्धा वाचणार नाही. गाळ आधी वाहत्या पाण्यात सुटू द्यायचा असतो, पण पुरानंतर घर धुवायचं सोडून पोराच्या सीडी कोण धुत बसतंय.

बेकायदा म्हणणाऱ्यांसाठी, आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याचं कलम ५२ मधलं पोटकलम (१)(एए) काढून वाचा. ज्याच्याकडं कॉम्प्युटर प्रोग्रामची प्रत कायदेशीर आहे त्याला ती हरवू नये, खराब होऊ नये म्हणून बॅकअप घेता येतो, स्वतःच्या वापरापुरता. २०१२ ला कलम ६५ए आलं, कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण त्यातही हक्काचं उल्लंघन करायच्या इराद्यानं असे शब्द आहेत. मी मार्केट यार्डात हिशेब लिहिणारा माणूस, वकील नाही, गेममधलं संगीत-व्हिडिओ धरून कोर्ट काय म्हणेल ते वकिलांनी सांगावं. पण स्वतःच्या सीडीची कॉपी आणि काउंटरवरचा तो गेम भरलेला पेन ड्राईव्ह या दोन गोष्टी एकाच पारड्यात घालू नका एवढंच माझं म्हणणं, दुसरी सरळ चोरी आहे आणि ती उघड्यावर चालू आहे.

अजून एक. २००९ ला 'हनुमान: बॉय वॉरियर' ही हैदराबादेत बनलेली गेम याच मशीनवर आली होती, आणि 'देसी अड्डा' पण, कबड्डी आणि पतंगवाली. खेळायला काय फार ग्रेट नव्हत्या, खरं सांगायचं तर हनुमान बरीच कंटाळवाणी, पण आपल्याकडं कन्सोलसाठी बनलेल्या सुरुवातीच्या गेम त्या. कुणाच्या माळ्यावर ओरिजिनल सीडी असेल तर मशीन नसलं तरी ती तेवढी जपा आणि तिची फाईल करून ठेवा.

आपल्या पेपरात मोबाईलवर पानं भरून माहिती येते, एखाद्या रविवारी जुनी मशीन नीट करण्यावर पण येऊ द्या. आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या नाहीतर आयटीआयच्या पोरांनी सुट्टीत एक दिवस लोकांना ही कार्डं करून दिली तर टेबल-खुर्च्या आणि चहा-भडंगाचा खर्च आम्ही दोघं-तिघं करू.

करणाऱ्यांनी एक बघून घ्यावं, मशीनच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल ९०००० च्या सीरीजचं आणि डेट कोड ८सी किंवा त्याच्या पुढचा असेल तर फ्री मॅकबूट चालत नाही, तिथं ओपनटूना नावाचा तसलाच दुसरा प्रोग्राम कार्डावर टाकावा लागतो. आणि ६४-१२८ एमबीची स्वस्तातली मेमरी कार्डं घेऊ नका, ती मधेच डेटा उडवतात.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली