श्रेय एकट्या जिद्दीचे नाही

कॅनडात स्थायिक झालेल्या आयरिश शेतकरी कुटुंबांवरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. जंगल तोडून शेती उभी करणाऱ्यांच्या कष्टांबद्दल आदरच आहे, पण यशाचे सारे श्रेय जिद्दीला देणे पटले नाही. १८२५ मध्ये कॅनडातील राजकारणी पीटर रॉबिन्सन यांनी आयर्लंडमधल्या कॉर्क परिसरातील सुमारे २,००० गरिबांना कॅनडातल्या आजच्या ओंटारिओ प्रांतात नेले. प्रवासखर्च ब्रिटिश सरकारचा. शिवाय कुटुंबाला १०० एकर जमीन, ओंडक्यांचे घर, अवजारे, बियाणे आणि सुरुवातीच्या काळापुरता शिधा. तरीही हिवतापाने अनेक जण दगावले. आणि ही जमीन बेवारस नव्हती. १८१८ च्या करारान्वये, वार्षिक मोबदल्याच्या बोलीवर, ती तिथल्या मूळ रहिवासी मिसिसॉगा लोकांकडून घेतलेली होती. लेखात त्यांचा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते.

– एक वाचक, नाशिक