जुन्या मोटारसायकलींचा अडकणारा ॲक्सिलरेटर

महोदय,

जुन्या मोटारसायकलीची मूठ सोडल्यावर ॲक्सिलरेटर परत येत नसेल, तर जास्त कडक स्प्रिंग बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला घातक वाटतो, कारण त्याने मूळ बिघाड तसाच राहतो. आधी इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटरची केबल कार्ब्युरेटरपासून (इंजिनासाठी हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागापासून) सोडवावी आणि मूठ फिरवून पाहावी. ती जडच असेल, तर बहुधा आतल्या तारेचा एखादा तुटका धागा आवरणात रुतलेला असतो. अशी केबल तेल घालून चालवू नये, बदलावीच. मूठ हलकी असेल तर स्लाइड, म्हणजे केबलने कार्ब्युरेटरमध्ये वर-खाली सरकणारी झडप, तपासावी. फ्लँजचे (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या कडेचे) नट अति आवळल्याने कार्ब्युरेटरची बॉडी किंचित वाकते आणि स्लाइड तिच्यात अडकते, हे कारण मेकॅनिकही क्वचितच लक्षात घेतात. जोडणीनंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मूठ आपोआप परत येते का, हे पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

आपला,
एक वाचक