पाटल्या आटवू नकोस, आई

कोथरूड, पुणे
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "त्या पाटल्या सोनाराकडे टाक, आटवून पोरीला एक साखळी कर." मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. दादाच्या लेकीचं लग्न जवळ आलंय, काम लवकर व्हायला हवं, हे कळतंय. पण फोनवर नीट बोलता येईना, म्हणून लिहायला बसले.

आधी ट्रंकेचं सांगते. वाडा सोडताना तुम्ही ती माझ्याकडे ठेवलीत, त्यानंतर दोन वर्षं ती पलंगाखालून हलली नव्हती. गेल्या आठवड्यात ओढून काढली. डांबराच्या गोळ्या केव्हाच विरून गेल्यात, पण झाकण उघडल्याबरोबर तोच वास. वर आईची जॉर्जेटची साडी, त्याखाली दोन नायलॉनच्या, अबोली रंगाचं कोपरापर्यंत बाह्यांचं ब्लाउज, जाळीचा अंबाडा, मूठभर आकडे आणि ती तपकिरी पर्स. तिची क्लिप अजून कट्‌ वाजते. मी चार वेळा वाजवून पाहिली. आत तुळशीबागेतली मण्यांची माळ होती, दोरा तुटलेली. मणी सगळे सापडले.

तळाशी बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात आजीची चंद्रकळा. आई, ती तू कधी पूर्ण उलगडून पाहिली आहेस का? मी हॉलमध्ये चादर अंथरून नऊच्या नऊ वार पसरली. अंगाचा काळा रंग अजून तसाच गडद आहे, पण जरीच्या काठावर दर दीड हाताला एक काळवंडलेला पट्टा येतो. तेवढ्याच रुंदीचा, तेवढाच लांब, शेवटपर्यंत. आधी मला कसर वाटली. मग लक्षात आलं की साडी घडीत असताना तिचं एकच टोक भिजलंय. उलगडल्यावर तोच डाग घडीघडीला पुन्हा दिसतो. बाबा, 12 जुलै 1961. पानशेत फुटलं तेव्हा नारायण पेठेतल्या वाड्यात माळ्यावरच्या ट्रंकेच्या एका कोपऱ्यात पाणी शिरलं होतं, असं आजी सांगायची. काठाची जरी खरी होती, चांदीच्या तारेची, म्हणून काळी पडली. आजी त्यानंतरही दर संक्रांतीला तीच नेसायची आणि तो काठ नेमका निऱ्यांत घालायची. मी लहानपणी तिच्या निऱ्यांना हात लावला की रागवायची, ते आज समजलं. आता मी घड्या बदलून ठेवल्यात, नाहीतर कापड घडीवरच चिरतं.

आता पाटल्यांचं.

मी त्या घेऊन सोन्या मारुती चौकाजवळच्या एका वयस्कर कारागिराकडे गेले. आटवायला नाही, किंमत विचारायला. त्यांनी कसोटीवर घासून, थेंब टाकून पाहिलं आणि लगेच म्हणाले, "चौसष्ट-पासष्टचं लग्न ना?" मी थक्क झाले. 14 कॅरेटचं सोनं आणि अशी जुनी घडण दिसली की त्यांना साल सांगावं लागत नाही. 1963 च्या जानेवारीत सरकारनं सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि 14 कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी घातली. 1966 मध्ये ती उठली. मधल्या काळात ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या वाट्याला हे सोनं आलं. त्या कारागिराचे वडील त्या दिवसांत भट्टी विझवून मंडईत बटाटे विकायला बसले होते. हे सांगताना ते पाटली बोटानं फिरवत होते, खाली ठेवत नव्हते.

आई, तुझं लग्न 1964 चं. काकूचं 1967 चं. लहानपणी मी कितीदा ऐकलंय, "तिच्या पाटल्या बावीसच्या, माझ्या आपल्या चौदाच्या." आजी तर चारचौघांत म्हणायची, "माहेरचं सोनं लालसर आहे." तू काही बोलायची नाहीस. सणाला, लग्नाला त्या काढून ठेवायचीस आणि इतर वेळी त्याच घालायचीस. चौदाच्याच आहेत, रोजच्याला चालतील, म्हणून. मला वाटतं, तुझ्या वडिलांना, अण्णांना, ते फार लागलं असणार. शाळामास्तर माणूस, कायदा मोडून बावीसचं घडवून घेणं त्यांना जमलं नसतं. त्यात कमीपणा कसला? त्या दोन-तीन वर्षांत लेकीचं लग्न करणाऱ्या सरळ माणसाला हेच सोनं मिळत होतं.

आणि आता त्या पाटल्यांकडे बघ. मी भिंग लावून बघितल्या. कोयऱ्यांची वेल, प्रत्येक कोयरीच्या पोटात तीन टिंबं, आणि साठ वर्षांनंतरही ती टिंबं नखाला लागतात. त्याच पाटल्यांनी तू पोळ्या लाटल्यास, आमची दप्तरं धुतलीस, लकडी पुलावरून सायकल हाणत शाळेत गेलीस. सायकलच्या मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, पदर कमरेला खोचलेला, हँडलवर पाटल्या वाजतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. काकूच्या पाटल्या मागच्या दिवाळीला पाहिल्या, गुळगुळीत झाल्यात, वेल होती की फूल हे कळत नाही. बावीस कॅरेटचं सोनं मऊ. चौदामध्ये तांबं-चांदी जास्त, म्हणून ते कडक, म्हणून नक्षी राहिली. ज्या गोष्टीची तुला साठ वर्षं लाज वाटली, तिच्यामुळेच त्या अशा टिकल्या. हे तुला तोंडावर सांगायचं होतं. जमलं नाही म्हणून हे पत्र.

हिशेबाचंही सांगते, कारण बाबा विचारतील. तीन तोळ्यांच्या पाटल्यांत शुद्ध सोनं साधारण पावणेदोन तोळे. त्यातून घट आणि मजुरी गेल्यावर साखळी बारीकच होईल. तेवढ्यासाठी अण्णांनी घेतलेली वस्तू मोडायची? पोरीला साखळी मी करते, बावीसची, आत्या म्हणून माझ्याकडून. पैसे मी बाजूला काढलेत, त्याचा विचार करू नका.

पाटल्या कोणाला द्यायच्या हे आत्ता ठरवू नकोस. लग्नात त्या तू घाल. हात सुजतो म्हणून काढल्यास, माहीत आहे. तो कारागीर म्हणाला, फिरकी बसवून उघडझाप करता येईल, नक्षीला धक्का लागणार नाही. तू हो म्हण, पंधरा दिवसांत करून आणते. तुझ्या हातात त्या पाटल्या आणि काकूसमोर तू बसलेली, एवढं मला बघायचंय.

बाबा, तुमच्यासाठी एक गोष्ट राहिली. पर्सच्या चोरकप्प्यात आईचं एचएमटी घड्याळ मिळालं, तुम्ही बोनसच्या पैशातून आणलेलं. तेव्हा ते सहज मिळत नसे आणि तुम्ही किती खेटे घातलेत ते आई अजून सांगते. रोज सकाळी रेडिओवर सातची वेळ सांगितली की तुम्हीच त्याला किल्ली द्यायचात, मग आईच्या हातात बांधायचात, आणि ती घाईघाईनं चपला शोधत असायची. मी किल्ली दिली आणि ते चालू झालं, बाबा! दिवसाला पाच-सहा मिनिटं मागे पडतं. लक्ष्मी रोडला दाखवू, की तुम्ही आल्यावर स्वतः उघडून बघणार? तोवर सकाळी सातला मी किल्ली देते आहे.

शनिवारच्या गाडीनं नाशिकला येते. चंद्रकळा आणत नाही, प्रवासात घडी मोडेल. पाटल्या आणि घड्याळ पर्समध्ये.

तुमची,
बेबी